एका थरावर पडणारा लेसर

मित्रहो, मॉलिब्डेनम डायसल्फाइड हा तसा जुनाच पदार्थ. त्याचे थर एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून यंत्रांमध्ये कोरडे वंगण म्हणून तो कित्येक दशके वापरात आहे. २००४ साली मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्राफाइट सोलून ग्राफिन, म्हणजे कार्बनचा एकच अणुथर, वेगळे केले आणि सोलण्याची तीच रीत या पदार्थाच्याही कामी आली. हाती येणारा थर सुमारे ०.६५ नॅनोमीटर जाडीचा असतो. मधे मॉलिब्डेनमचे अणू, वर आणि खाली गंधकाचे.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे एक गोष्ट दाखवली. जाड स्फटिकावर लेसर टाकला तर त्यातून जवळजवळ काहीच उजेड परत येत नाही. एकच थर ठेवला तर तो लाल प्रकाश देऊ लागतो. जाड स्फटिकात इलेक्ट्रॉनला वरच्या ऊर्जापट्ट्यातून (त्याला परवानगी असलेल्या ऊर्जांच्या पट्ट्यातून) खाली उतरताना आपला संवेगही बदलावा लागतो, आणि प्रकाशकण ते काम करू शकत नाही. एकट्या थरात ही अडचण उरत नाही. टंगस्टन डायसल्फाइड, मॉलिब्डेनम डायसेलेनाइड, टंगस्टन डायसेलेनाइड या भावंडांचीही कथा हीच आहे.

आपण पदार्थावर प्रकाश टाकतो तेव्हा मनात एक गृहीत धरलेले असते, की प्रकाश फक्त पाहतो, पदार्थ आहे तसाच राहतो. या थरांच्या बाबतीत ते गृहीत टिकत नाही. लेसर पडला की थराचे शोषण, परावर्तन, अपवर्तनांक, उत्सर्जनाचा रंग, सगळेच हलते. म्हणून बदल दिसला की मी आधी एकच विचारतो: लेसर बंद केल्यावर हा बदल किती काळ टिकला? या उत्तरातून बदलाचे कारण बहुतेक वेळा उलगडते.

पण हे थर इतके हळवे का, ते आधी पाहू. प्रकाशकण शोषला गेला की एक इलेक्ट्रॉन वर जातो आणि त्याच्या मागे एक रिकामी जागा, म्हणजे होल, राहते. इलेक्ट्रॉन ऋण, होल धन. दोघे एकमेकांभोवती बांधले जातात. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. जाड अर्धवाहकात आजूबाजूचे अणू या दोघांमधले आकर्षण झाकून टाकतात. गॅलियम आर्सेनाइडमध्ये ही जोडी तोडायला सुमारे ४ मिलीइलेक्ट्रॉन व्होल्ट (इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचे एक छोटे एकक) पुरतात, आणि खोलीच्या तापमानाची उष्णताच २५ मिलीइलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास असते. तिथे ही जोडी टिकणार कशी? एका थरात मात्र विद्युतक्षेत्राच्या रेषा थराबाहेर पसरतात आणि तिथे झाकायला फारसे कोणी नसते. टंगस्टन डायसल्फाइडमध्ये ही बंधनऊर्जा ३०० मिलीइलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढे मोजली गेली आहे. त्यामुळे खोलीच्या तापमानालाही एक्सायटॉन ठाम उभा असतो, आणि त्याच्या नेमक्या रंगाचा प्रकाश एकटा थर दहा टक्क्यांहून अधिक शोषून घेतो. तीन अणूंच्या जाडीला ही मजल फार मोठी आहे. थराचे सगळे प्रकाशीय वागणे या जोडीवर उभे आहे, त्यामुळे जोडीला धक्का लागला की सगळेच बदलते.

आता लेसरची तीव्रता वाढवू. थरात इलेक्ट्रॉन आणि होल यांची गर्दी होते. गर्दी झाली की ते एकमेकांचे आकर्षण झाकू लागतात, म्हणजे जे काम जाड पदार्थात अणू करत होते ते आता हे विद्युतभारच करतात. मग दोन गोष्टी घडतात. बँडगॅप, म्हणजे खालच्या आणि वरच्या ऊर्जापट्ट्यांमधले अंतर, आकसतो आणि एक्सायटॉनची बंधनऊर्जाही घटते. पहिलीमुळे शोषणरेषा, म्हणजे थर जो नेमका रंग शोषतो त्याची ऊर्जा, खाली सरकायला हवी, दुसरीमुळे वर. दोन्ही परिणाम मोठे, पण दिशा उलट, त्यामुळे बेरीज पुष्कळ अंशी खोडली जाते आणि रेषा जेमतेम हललेली दिसते. नवा विद्यार्थी ती पाहून 'फारसे काही झाले नाही' अशी नोंद करतो, तेव्हा मला कळकळीने सांगावेसे वाटते की आत सगळे उलटेपालटे झाले आहे. २०१५ साली टंगस्टन डायसल्फाइडच्या एका थरावर लेसरचे अतितीव्र स्पंद, म्हणजे क्षणिक झोत, टाकून हेच टोकाला नेले गेले. एक्सायटॉन पार विरघळले आणि बँडगॅप सुमारे अर्ध्या इलेक्ट्रॉन व्होल्टने खाली आला. नेहमीच्या अर्धवाहकांत इतकी घसरण दिसत नाही. गर्दी ओसरली की थर पूर्ववत होतो. त्याला पिकोसेकंदांपासून नॅनोसेकंदांपर्यंत वेळ लागतो.

कधी कधी थर पूर्ववत होतच नाही. सूक्ष्मदर्शकातून एक मिलीवॅटचा लेसर एक मायक्रॉन व्यासाच्या ठिपक्यावर आणला, तर तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला लाख वॅटच्या वर जाते. हवेत असा ठिपका बराच वेळ ठेवला की गंधक निसटलेल्या जागी ऑक्सिजन बसू शकतो आणि चमक कायमची बदलते. याचा उपयोगही करून घेतला गेला: २०१२ मध्ये लेसरने वरचे थर जाळून अनेक थरांच्या तुकड्यातून एकच थर उरवला गेला. मोजणी करणाऱ्याने मात्र तीव्रता वाढवत नेल्यावर ती परत उतरवून पहिला वर्णपट तसाच मिळतो का, हे तपासलेच पाहिजे. ही तपासणी नसेल तर मी त्या आलेखावर विश्वास ठेवत नाही.

मला सर्वांत देखणा वाटतो तो परिणाम यापेक्षा वेगळा आहे. त्यात थर प्रकाश शोषतच नाही. लेसरची ऊर्जा एक्सायटॉनच्या ऊर्जेपेक्षा मुद्दाम कमी ठेवायची, म्हणजे जोडी तयार होणार नाही. तरीही प्रकाशाचे दोलायमान क्षेत्र थरातल्या इलेक्ट्रॉनांना हलवत राहते आणि एक्सायटॉनची पातळी वर सरकते. झोक्याला त्याच्या लयीपेक्षा वेगळ्या लयीत ढकलत राहिलो तर तो उंच जात नाही, पण आपल्या नेहमीच्या ठेक्यातही राहत नाही. तसे काहीसे हे आहे. याला ऑप्टिकल स्टार्क परिणाम म्हणतात. क्षेत्र जितके तीव्र आणि लेसरचा रंग एक्सायटॉनच्या जितका जवळ, तितके सरकणे अधिक. एक स्पंद पातळी ढकलतो, दुसरा क्षीण स्पंद मागोमाग जाऊन ती कुठे आहे ते पाहतो. पहिला स्पंद सरला की बदलही सरतो. सगळे काही फेमटोसेकंदांत, म्हणजे पिकोसेकंदाच्या हजाराव्या भागांत.

या थरांमध्ये स्टार्क परिणामाला आणखी एक पैलू आहे. इथे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या नकाशावर दोन वेगळ्या दऱ्या आहेत, आणि उजवा वर्तुळी ध्रुवित प्रकाश, म्हणजे ज्याचे विद्युतक्षेत्र पुढे जाताना उजवीकडे गोल फिरते तो, एका दरीशी बोलतो, डावा दुसरीशी. २०१२ मध्ये हे प्रयोगांतून दिसले. मग लेसरही वर्तुळी ध्रुवित घेतला तर? एकाच दरीतली पातळी सरकते, दुसरी जागच्या जागी. बर्कलीच्या गटाने २०१४ मध्ये टंगस्टन डायसेलेनाइडमध्ये १० मिलीइलेक्ट्रॉन व्होल्टहून मोठी फारकत दाखवली. एमआयटीच्या गटाने टंगस्टन डायसल्फाइडमध्ये १८ मिलीइलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतचे सरकणे नोंदवले. चुंबकाने हेच करायचे तर प्रति टेस्ला जेमतेम ०.२ मिलीइलेक्ट्रॉन व्होल्ट मिळतात, म्हणजे १० मिलीइलेक्ट्रॉन व्होल्टसाठीच चाळीस-पन्नास टेस्लांचे क्षेत्र लागेल. एवढ्या क्षेत्रासाठी मोजक्याच प्रयोगशाळांत जावे लागते, आणि इथे ते काम टेबलावरचा एक स्पंद करतो.

अडचण राहते ती शोषणरेषेच्या रुंदीची. उघड्या थरात ती काही दशक मिलीइलेक्ट्रॉन व्होल्ट असते, त्यामुळे दहाचे सरकणे तिच्याच पोटात लपते. दिसावे म्हणून लेसर वाढवला, तर दोन प्रकाशकण मिळून खऱ्या जोड्या तयार करू लागतात आणि मघाची गर्दी पुन्हा येते. थराला बोरॉन नायट्राइडच्या स्वच्छ पापुद्र्यांमध्ये बंद करून थंड केले की रेषा दोन ते चार मिलीइलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत अरुंद होते. मग कमी तीव्रतेचा लेसरही पातळी स्पष्ट हलवतो, आणि थर न तापता, न बिघडता तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करता येतो.