दहा वर्षांची पेन्शन, ठेकेदार बदलला तरी

श्रोतेहो, नमस्कार. नाशिकच्या अंबड-सातपूरला किंवा सिन्नरजवळच्या माळेगाव एमआयडीसीत ठेकेदार बदलला, की कामगारांमध्ये पहिली चौकशी एकच असते: पीएफ कधी निघणार? घरभाडं आणि शाळेची फी डोक्यावर असताना त्यात गैर काही नाही. पण पीएफबरोबर पेन्शनही नकळत निघून जाते, त्याबद्दल आज बोलूया.

तुमच्या पगारातून कापलेले 12 टक्के पूर्ण पीएफमध्ये जातात. मालकही 12 टक्के भरतो, पण त्यातले 8.33 टक्के पेन्शन योजनेत वळतात. 16 नोव्हेंबर 1995 पासून हे चालू आहे. 2014 मध्ये पगाराची मर्यादा 15 हजार ठरली, म्हणून या खात्यात महिन्याला जास्तीत जास्त 1250 रुपये पडतात. पासबुकातला तिसरा रकाना तो हाच. त्यावर व्याज लागत नाही, म्हणून हे पैसे पडून आहेत असं वाटतं. तसं नाही. इथे पैसे नाही, वर्षं साठतात, आणि दहा वर्षं भरली की पेन्शनचा हक्क मिळतो.

पेन्शनचा हिशेब असा: शेवटच्या 60 महिन्यांचा सरासरी पगार, गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. पगार 15 हजार आणि सेवा दहा वर्षं असेल, तर 58 व्या वर्षापासून महिन्याला साधारण 2143 रुपये. वीस वर्षं भरली तर दोन वर्षं वरून मिळतात, आणि आकडा 4714 च्या आसपास जातो. रक्कम फार नाही, महागाई भत्ताही नाही. पेन्शनर मंडळी ओरडतात ते उगाच नाही. तरी आयुष्यभर दर महिन्याला येणारी ही रक्कम आहे.

गडबड होते ती अर्ज भरताना. पीएफसाठी फॉर्म 19, पेन्शनच्या पैशांसाठी फॉर्म 10 सी. सायबर कॅफेवाला दोन्ही एकदम भरून टाकतो, आणि सहा-सात वर्षांची सेवा शून्यावर येते. पुढच्या ठेकेदाराकडे पुन्हा एकपासून मोजणी! त्याच 10 सी वर पैशांऐवजी योजना प्रमाणपत्र, म्हणजे झालेली सेवा जपून ठेवणारा दाखला, मागता येतं. नाहीतर यूएएन, म्हणजे तुमचा कायमचा पीएफ क्रमांक, एकच ठेवून खातं नव्या नोकरीत वर्ग करा. जुन्या ठेकेदाराने काम सोडल्याची तारीख टाकली नसेल, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः पीएफच्या पोर्टलवर टाकू शकता.

कारखानदारांनाही एक सांगतो. ठेकेदाराने भरणा चुकवला, तर ‘माणसं त्याची होती’ हे उत्तर चालत नाही. मूळ मालकाचीही जबाबदारी राहते. म्हणून ठेकेदाराचं बिल पास करताना त्या महिन्याचं चलन आणि त्यासोबतची कामगारांची यादी (ईसीआर) मागा, आणि त्या यादीत प्रत्येक कामगाराचं नाव आहे का, तेही बघा.

आणि घरच्यांसाठी. नोकरीत असताना कामगार गेला, तर दहा वर्षांची अट नाही. एका महिन्याचा भरणा झालेला असला तरी पत्नीला पेन्शन मिळते, आणि दोन मुलांना 25 वर्षांपर्यंत. ती मिळताना अडचण नको, म्हणून ई-नॉमिनेशनमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या वारस नोंदीत, लग्नानंतरची नावं घातलेली हवीत. अनेकांच्या खात्यावर अजून आई-वडिलांचीच आहेत.