अपग्रेडमध्ये प्रश्न आला? आधी 'डी' दाबा

नमस्कार मंडळी! आपल्या गोव्यात हॉटेलांचे, दुकानांचे सर्व्हर अपग्रेड करायचे दिवस म्हणजे पावसाळा. सीझन संपलेला, चवथ अजून लांब. अपग्रेड सुरू करतो आणि मध्येच डेबियन किंवा उबुंटू ही लिनक्स सिस्टम थांबून विचारतं: ही कॉन्फिग फाइल (सेटिंग्जची फाइल) तुम्ही बदलली आहे, पॅकेजमध्येही नवी आली आहे, कुठली ठेवू? पुष्कळ जण वैतागून काहीतरी दाबून मोकळे होतात. तसं करू नका. हा प्रश्न तुमचं काम वाचवण्यासाठीच असतो.

[स्क्रीनवर: डीपीकेजीचा प्रश्न]

डेबियन-उबुंटूवर पॅकेजेस बसवणारा प्रोग्राम म्हणजे डीपीकेजी. पॅकेज बसवताना तो कॉन्फिग फाइलचा एमडी५ चेकसम, म्हणजे मजकुराचा ठसा, नोंदवून ठेवतो. अपग्रेडच्या वेळी तीन फाइली ताडून बघतो: आधीच्या पॅकेजमधली, आत्ता डिस्कवर असलेली आणि नव्या पॅकेजमधली. तुम्ही हात लावला नसेल तर नवी न विचारता बसते. फक्त तुम्ही बदलली असेल तर तुमची राहते. दोघांनीही बदलली, तरच प्रश्न येतो. तुम्ही फाइल मुद्दाम काढून टाकली असेल, तर त्याचाही मान राखला जातो, ती आपोआप परत येत नाही. मला हे फार आवडतं.

आता उदाहरण घेऊ. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये अपलोडची मर्यादा मुळात १ एमबी असते. खोल्यांचे फोटो चढवता यावेत म्हणून एखाद्या हॉटेलने ती मुख्य फाइलमध्ये २० केली. अपग्रेडमध्ये 'वाय' दाबलं की नवी फाइल बसते आणि मर्यादा परत १ वर येते. साइट उघडते, सगळं ठीक दिसतं. फोटो चढवायला गेलात की मात्र ४१३ एरर, म्हणजे फाइल फार मोठी! तुमची फाइल हरवलेली नसते, नावापुढे 'डॉट डीपीकेजी-ओल्ड' लागून शेजारीच असते.

नुसतं एंटर दाबलं तर 'एन', म्हणजे तुमची फाइल राहते आणि नवी 'डॉट डीपीकेजी-डिस्ट' नावाने बाजूला पडते. हे सुरक्षित वाटतं, पण ती बाजूची फाइल कोण उघडतं? दोन-तीन मोठे अपग्रेड असेच गेले की तुमच्या फाइलमध्ये असे पर्याय उरतात, जे नवं सॉफ्टवेअर स्वीकारतच नाही, आणि सर्व्हिस सुरू होत नाही. म्हणून आधी 'डी' दाबा, दोन्ही फाइलींमधला फरक दिसेल तो वाचा, मगच उत्तर द्या.

फेडोरा, रॉकी लिनक्सवर डीपीकेजीच्या जागी आरपीएम असतं, ते काही विचारतच नाही. तिथे निर्णय पॅकेज बांधणाऱ्याने आधीच घेतलेला असतो. 'नोरिप्लेस' लिहिलं असेल तर नवी फाइल 'डॉट आरपीएम-न्यू' होते. नसेल, तर तुम्ही बदललेली फाइल 'आरपीएम-सेव्ह' होऊन बाजूला जाते. आर्च लिनक्सवर 'पॅकन्यू' नावाच्या फाइली शोधा.

पावसात लाइट जाते, नेट तुटतं, आणि प्रश्न समोर असतानाच एसएसएच, म्हणजे सर्व्हरशी दुरून केलेलं कनेक्शन, बंद पडतं. म्हणून अपग्रेड नेहमी टीमक्समध्ये चालवा, कनेक्शन तुटलं तरी त्यातलं काम चालू राहतं. अर्धवट राहिलाच तर 'डीपीकेजी डॅश-डॅश-कॉन्फिगर डॅश-ए' करून पुढे न्या. रात्री आपोआप अपग्रेड लावणाऱ्यांनो, 'नॉनइंटरॅक्टिव्ह' लिहिल्याने डेबकॉन्फचे (पॅकेज बसवताना सेटिंग्ज विचारणाऱ्या प्रोग्रामचे) प्रश्न थांबतात, कॉन्फिग फाइलचा हा प्रश्न थांबत नाही. त्यासाठी डीपीकेजीचे 'फोर्स-कॉन्फडेफ' आणि 'फोर्स-कॉन्फओल्ड' हे पर्याय लागतात.

पण शक्य असेल तिथे मुख्य फाइलला हातच लावू नका, असं माझं ठाम मत आहे. एन्जिनएक्सची ती २० एमबीची ओळ 'कॉन्फ डॉट डी' फोल्डरमध्ये स्वतःच्या छोट्या फाइलमध्ये लिहा. सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टमडीसाठी 'सिस्टमसीटीएल एडिट' आहे. मूळ फाइल जशीच्या तशी राहिली की प्रश्नच येत नाही, आणि नव्या सेटिंग्जही मिळत राहतात.

आज एवढं करा: आपल्या सर्व्हरच्या एटसी फोल्डरमध्ये 'डीपीकेजी-डिस्ट' आणि 'डीपीकेजी-ओल्ड' शोधा. काही सापडलं तर डिफ (दोन फाइलींतला फरक दाखवणारी कमांड) लावून एकेक ओळ बघा.