नारिंगी बुरशीचे घड्याळ

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या निफाड-दिंडोरीकडे बुरशी म्हटले की भुरी आणि फवारणीचा खर्च आठवतो. आज मात्र मी पावावर येणाऱ्या एका नारिंगी बुरशीविषयी, न्यूरोस्पोरा क्रासाविषयी, बोलणार आहे.

जनुकातील संदेश तीन-तीन अक्षरांच्या कोडॉनमध्ये लिहिलेला असतो. प्रथिने ज्यांच्या साखळीतून बनतात ती अमिनो आम्ले 20, त्यांचे कोडॉन मात्र 61. एकट्या ल्युसीनचेच 6. आम्ल तेच, कोडॉन वेगळा. पुन्हा सांगतो, आम्ल तेच, कोडॉन वेगळा. प्रत्येक सजीवाचे त्यांतले काही कोडॉन आवडते, म्हणजे अधिक वापरातले, असतात. या बुरशीला तिसऱ्या जागी सी किंवा जी हे अक्षर असलेले अधिक मानवतात.

ही बुरशी काचेच्या लांब नळीत, पूर्ण अंधारात वाढवली, तरी सुमारे 22 तासांनी एकदा बीजाणूंचा दाट नारिंगी पट्टा उमटवते, कारण एफआरक्यू नावाच्या प्रथिनावर चालणारे घड्याळ तिच्या पेशीतच असते. नवल असे, की या प्रथिनाच्या जनुकात बुरशीचे नावडते कोडॉनच बरेच आढळतात. अमेरिकेत डॅलस येथील यी लिऊ यांच्या गटाने आम्लांचा क्रम तसाच ठेवून त्या जागी आवडते कोडॉन बसवले. प्रथिन अधिक तयार झाले, पण नळीतले पट्टे नाहीसे झाले. घड्याळच बंद पडले! 2013 साली हे ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नावडतीचे मीठ अळणी म्हणतात. येथे सारी चव त्याच मिठाला होती. (उत्पादन वाढले म्हणजे सगळे साधले, या आपल्या एकरी टनांच्या हिशेबावर माझा कधीच विश्वास बसलेला नाही, द्राक्षाची गोडी वजनकाट्यावर उतरत नाही.)

असे का झाले? प्रथिन रायबोसोममधून, म्हणजे कोडॉन वाचून प्रथिन जोडणाऱ्या पेशीतल्या यंत्रातून, बाहेर पडता पडताच घड्या घेऊ लागते. साडी भराभर पुढे सरकवली तर निऱ्या नीट बसत नाहीत, तसेच येथे झाले: घडण बदलली, त्यावर चढणाऱ्या फॉस्फेट या छोट्या रासायनिक गटांचा नमुना बदलला आणि प्रथिनाचा टिकाऊपणाही बदलला. आवडत्या कोडॉनवर रायबोसोम जलद जातो, नावडत्यावर रेंगाळतो, हे त्याच गटाने 2015 मध्ये दाखवले. वेग बदलला की घडी बदलते, एवढे लक्षात ठेवावे. न्यूरोस्पोराच्या इतर जनुकांतही हाच कल दिसतो: पक्की घडी असलेल्या भागांत आवडते कोडॉन अधिक, तर सैल, अनियमित भागांत नावडते अधिक.