नावाला कंस पडतो तेव्हा: सातबाऱ्यावरची वारस नोंद

[दृश्य: टेबलावर सातबाऱ्याचा उतारा. एक बोट खातेदाराच्या नावावरून सरकत ओळीच्या शेवटी थांबतं.]

हा गाव नमुना सात. खातेदाराच्या नावासमोर क्षेत्र आहे, आकार म्हणजे जमिनीचा सारा आहे आणि शेवटी छोटासा आकडा, तो फेरफार क्रमांक. हे नाव इथं कोणत्या नोंदीनं आलं, ते या आकड्यावरून कळतं. खातेदार वारला आणि वारसांची नावं चढली, की त्याच्या नावाला कंस पडतो. मात्र हा कंस आपोआप पडत नाही, त्यासाठी वारसांनीच अर्ज करावा लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे त्याची मुदत तीन महिने आहे.

अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्यायचा. ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही देता येतो. सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ म्हणजे खात्याचा उतारा, वारसांचे ओळखीचे पुरावे आणि सर्व वारसांची नावं, वयं, पत्ते व मयताशी नातं सांगणारं शपथपत्र लागतं. जमीन दोन गावांत असेल आणि तलाठी वेगवेगळे असतील, तर अर्जही दोन करायचे. एका गावची नोंद झाली आणि दुसऱ्या गावचा गट आजोबांच्याच नावावर राहिला, असं सर्रास आढळतं.

[दृश्य: शपथपत्राचा कागद. वारसांच्या यादीवर कॅमेरा.]

सगळं अवलंबून असतं ते या यादीवर. इथं चुकलं की पुढं दोन पिढ्या निस्तरत बसतात.

समजा, वारलेल्या माणसाची 5 एकर स्वकष्टार्जित जमीन आहे आणि मृत्युपत्र नाही. मागे आई, पत्नी, दोन मुलगे आणि लग्न झालेली एक मुलगी. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे ही पाचही माणसं पहिल्या वर्गाचे वारस आहेत. 200 गुंठ्यांचे पाच भाग, प्रत्येकी 40 गुंठे. मयताचे वडील हयात असले तरी ते पहिल्या वर्गात येत नाहीत, आई मात्र येते.

आणि यादीतून गळतं ते नेमकं आईचंच नाव. कधी अजाणता, कधी जाणूनबुजून. कारण ती वारली की तिचे 40 गुंठे फक्त या नातवंडांकडे जात नाहीत. तिच्या इतर मुलामुलींचा, म्हणजे मयताच्या भावाबहिणींचाही त्यात वाटा येतो. तो टाळायला म्हातारीला यादीतून वगळायचं आणि चारच वारस दाखवून प्रत्येकी 50 गुंठे धरायचे. हा उघड अन्याय आहे, आणि खोट्या शपथपत्राचा गुन्हा वेगळाच.

लेकीचंही तेच. लग्न झालं म्हणून तिचा हक्क जात नाही. वडिलोपार्जित जमिनीत 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी जन्मानं सहहिस्सेदार आहे. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलं आहे. बहिणीला खरोखर हिस्सा सोडायचा असेल, तर आधी तिचं नाव वारस म्हणून लागू द्यावं. मग दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं आणि त्यावरून दुसरा फेरफार धरावा. शंभराच्या मुद्रांकावर नोटरीसमोर घेतलेल्या सहीनं जमिनीतला हक्क सुटत नाही.

जुन्या उताऱ्यांवर आणखी एक खाचखळगा असतो. नावापुढं ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेलं दिसलं, तर तो माणूस एकट्याचा मालक नव्हे. तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, नाव थोरल्याचं आणि जमीन सगळ्या भावांची. तो वारल्यावर फक्त त्याचीच मुलं लावली, तर धाकट्या भावांचा हिस्सा कागदावरून पुसला जातो. म्हणून आधी तो जुना फेरफार काढून वाचावा.

वारस अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा असेल, तर पालकाचं नाव ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून लागतं. तो सज्ञान झाल्यावर ते कमी करायला पुन्हा अर्ज द्यावा लागतो.

[दृश्य: चावडीच्या फलकावर लावलेली नोटीस.]

तलाठी अर्ज नमुना सहा-क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत घेतो आणि चौकशी करतो. मंडळ अधिकाऱ्यानं वारस ठरवले, की नमुना सहामध्ये फेरफार पडतो आणि संबंधितांना नोटीस निघते. हरकतीला 15 दिवस असतात. वगळलेल्या माणसानं याच दिवसांत लेखी हरकत देऊन पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं कुठंच नोंदलं जात नाही. हरकत आली की प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. निकाल पटला नाही, तर प्रांताधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील करता येतं. पण मालकीचाच वाद असेल, तर तो दिवाणी न्यायालयातच सुटतो.

फेरफार प्रमाणित झाला की नवा सातबारा काढून ओळ न् ओळ तपासावी. सगळे गट आले का, नावाचं शुद्धलेखन आधारशी जुळतं का, जुन्या नावाला कंस पडला का. लिहिण्यातली चूक असेल, तर कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज द्यावा, सोबत ती चूक ज्या फेरफारात झाली त्याची नक्कल जोडावी.