एकसष्टावं मूल

(दृश्य : सकाळ. मारुतीच्या देवळाचा सभामंडप. घंटेची साखळी वर गुंडाळून बांधलेली. खाली सतरंजीवर दुसरीचा वर्ग.)

निवेदन :
घंटा मुद्दाम वर बांधलीये. दर्शनाला आलेला माणूस ती वाजवल्याशिवाय राहत नाही, आणि ती वाजली की दुसरीचा वर्ग पाढ्यात कुठं होता ते विसरतो. आता माणसं नुसते हात जोडून जातात. एक आजी तेवढ्या रोज भांडतात. देवाला उठवायचं कसं, म्हणतात. पोरांच्या आवाजानं तो केव्हाच उठलेला असतो.

सोलापूर जिल्हा, मोहोळ तालुका. एका अंगाला सीना, दुसऱ्या अंगाला भीमा, मधे काळं रान. गावाचं नाव आम्ही सांगणार नाही, कारण ज्या वर्गखोलीची ही गोष्ट आहे तिची फाइल अजून टेबलावर आहे. टेबलावरच्या फाइलची गावभर चर्चा झाली की ती टेबलाखाली जाते, असं इथली जाणती माणसं सांगतात.

(दृश्य : जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. दोन खोल्या, पुढं व्हरांडा. एका खोलीला कुलूप.)

पहिली ते चौथी, वर्ग चार, खोल्या दोन. त्यातली पश्चिमेची खोली बंद आहे. दाराच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग पार छतापर्यंत गेलीये. उन्हाळ्यात तिच्यात बोट जातं, पावसाळ्यात जरा मिटते. दाराचं उलटं. पावसाळ्यात चौकटीत अडकून बसतं, उन्हाळ्यात आपोआप मोकळं होतं. खोलीखालची काळी माती वर्षभर काय करत असते, ते या दाराला विचारावं.

म्हणून एक वर्ग देवळात, एक व्हरांड्यात, दोन एका खोलीत.

(दृश्य : हजेरीपट. बोट शेवटच्या ओळीवर थांबतं.)

निवेदन :
शिक्षणहक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. प्राथमिकला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदपर्यंत तीन, असं त्याच्या अनुसूचीत लिहिलंय. आणि प्रत्येक शिक्षकामागं किमान एक वर्गखोली. म्हणजे साठावं मूल आलं की खडू वाढतात, एकसष्टावं आलं की भिंती वाढायला हव्यात. इथं ते एकसष्टावं मूल आलं. पहिलीत आलं, रडत आलं, आणि आपल्यामुळं तीन टेबलांवर कागद हलणार आहेत हे त्याच्या गावीही नव्हतं.

पण पट ही चीज मोठी फसवी. संच मान्यतेला, म्हणजे शाळेला शिक्षक किती ते ठरवायला, धरतात तो ३० सप्टेंबरचा पट. आणि साखर कारखान्यांची धुराडी पेटतात दिवाळीच्या आगेमागे. मग बीडकडून कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, येतो, ओढ्याकाठी कोप्या पडतात आणि त्या कोप्यांतली पोरं जानेवारीत या व्हरांड्यात येऊन बसतात. मोजदादीच्या दिवशी ती इथं नव्हती. मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की ती परत जातील. कागदावर ही पोरं कुठल्याच खोलीत मावत नाहीत, कारण कागदावर ती इथं नसतातच. नव्या खोलीची लांबी-रुंदी ठरवताना त्यांना धरायचं की नाही, हा पहिल्या बैठकीतला पहिला प्रश्न होता. धरायचं, असं ठरलं. त्याला कुणी विरोध केला नाही, आणि गावाच्या बैठकीत असं क्वचितच होतं.

(दृश्य : शाळा व्यवस्थापन समितीची बैठक. सतरंजी, चहाचे कप.)

या समितीत पाऊण सदस्य पालकांतले आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. बऱ्याच ठिकाणी महिला सदस्यांच्या सह्या घरपोच घेतल्या जातात. इथं त्या बसल्या होत्या, आणि पुढचा तासभर त्याच बोलल्या.

आवाज, एक आई :
“आवं, खोली हुईल तवा हुईल. आधी सांगा, दार कुठल्या अंगाला? रस्त्याकडं नकं. ट्रॅक्टर जात्यात, डबल ट्रॉलीचे. पोरगं सुटलं की पळत सुटतंय.”

निवेदन :
नकाशा अजून कुणी काढलेला नव्हता. दार मात्र ठरलं होतं.

इंजिनिअर मॅडम आल्या तेव्हा त्यांनी दाराआधी दोन कागद मागितले. पहिला जागेचा. शाळेची जमीन चाळीसेक वर्षांपूर्वी एका शेतकऱ्यानं दिली. तोंडी दिली, नारळ फोडून दिली, आणि गावानं त्यांचा सत्कारही केला. बक्षीसपत्र करायचं तेवढं राहून गेलं. आज सातबाऱ्यावर त्यांच्या तीन मुलांची आणि दोन मुलींची नावं आहेत. एक मुलगा पुण्यात, एक मुलगी विजापूरला. कुणाचीही ना नाही. पण पाच जणांनी एकाच दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत यायचं म्हणजे लग्नाची तारीख काढण्यापेक्षा अवघड. जागा शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावावर असल्याशिवाय अंदाजपत्रकाला पुढं सरकायला वाट नाही.

दुसरा कागद निर्लेखनाचा. शब्द अवघड, अर्थ सोपा: पडायला झालेली खोली आता खोली नाही, असं सरकारनं लिहून देणं. ते होईपर्यंत शाळेच्या माहितीत खोल्या दोनच दिसतात, मग त्यातली एक कुलपात का असेना. मुख्याध्यापकांनी त्या भेगेचे फोटो काढलेत. शेजारी पट्टी धरून, तारखेसह, दर महिन्याला एक. ही त्यांची स्वतःची कल्पना. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात आवडलेली वस्तू म्हणजे ती फोटोंची वही.

(दृश्य : एप्रिल. शाळेमागची मोकळी जागा. भेगाळलेली जमीन. दोन माणसं खड्डा खणताहेत.)

निवेदन :
काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. ज्वारीला ती सोनं. पावसानं दगा दिला तरी ओल धरून ठेवते, म्हणून तर मंगळवेढ्याची ज्वारी पिकते. भिंतीला मात्र हीच ओल नडते. वर्षातून एकदा उचलायचं, एकदा खाली बसवायचं, आणि तेही सगळीकडून सारखं नाही. बंद खोलीचा पाया तीन फुटांवर थांबलेला होता, म्हणजे ऐन हलत्या मातीत.

म्हणून आधी खड्डा. अंदाजपत्रकाच्याही आधी. ठरावीक नमुन्याचा नकाशा येतो तेव्हा त्यातला पाया साध्या जमिनीसाठी असतो. काळ्या रानात तोच नकाशा तसाच उतरवला की वीस वर्षांनी पुन्हा एक फोटोंची वही लागते.

आवाज, गवंडी तात्या :
“चार फुटांवर पोरं म्हनली, बास. म्या म्हनलं, हान अजून. काळी सरली की चुनखडी, चुनखडी सरली की मुरूम. मुरमावर पहार वाजली पायजे. आवाज बदलतो बगा.”

(आवाज : पहार मातीत. थप. थप. मग एकदम खणखणीत.)

निवेदन :
नऊ फुटांवर आवाज बदलला.

कॉलमची बैठक तिथं, मुरमावर. वर जोत्याच्या पातळीला सगळ्या कॉलमना बांधणारी तुळई, आणि त्या तुळईच्या खाली काही इंच मोकळी जागा. काळी माती फुगली तर त्या पोकळीत फुगेल, तुळईला ढुशी देणार नाही. मुरूम आणखी खोल असता तर वेगळा उपाय आहे: खाली फुगीर गड्डा असलेले काँक्रीटचे खांब. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं ते काळ्या मातीसाठी विकसित केले. इथं त्यांची गरज पडली नाही.

तात्यांचं वय सत्तरीच्या घरात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ते अंगणात झोपले होते. किल्लारी इथून लांब, पण बाज हलली, म्हणतात. पुढं ते तिकडं कामाला गेले आणि त्यांनी ढिगारे पाहिले. जाड दगडी भिंती, दगड मातीत रचलेले, वर धाब्याच्या मातीचा मणामणांचा भार. माळवदाची घरं आपल्याकडंही तशीच. तेव्हापासून तात्या कुठल्याही भिंतीत खिडक्यांच्या डोक्यावरून सलग सळईचा पट्टा फिरवल्याशिवाय पुढं जात नाहीत. मालक नको म्हणाला तर काम सोडतात. नकाशात तो पट्टा आहे का, हे त्यांनी मॅडमना दोनदा विचारलं. आहे, दोनदा सांगितलं.

(दृश्य : शाळेशेजारचा लिंब. खाली पाण्याची टाकी, सांडलेलं पाणी.)

मग लिंब. खोली जुन्या इमारतीला लागून धरली तर लिंब आड येतो. तोडायचा, असं एक जण म्हणाला आणि लगेच गप्प बसला, इतकं सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. पण प्रश्न भावनेपुरता नाही. झाड काळ्या मातीतली ओल ओढून घेतं आणि भिंतीखालची माती तेवढ्याच भागात आक्रसते. झाडाची उंची जेवढी, साधारण तेवढं अंतर सोडावं, असा ठोकताळा. शेवटी खोली सरकली. टाकीचं सांडपाणीही पाटानं लांब न्यायचं ठरलं, कारण एका कोपऱ्यात रोज पाणी आणि दुसऱ्या कोपऱ्यात रोज कोरडं, यासारखं या मातीला बिघडवणारं दुसरं काही नाही.

खोली सरकली हे एका परीनं बरंच झालं. जुन्या भिंतीला नवी भिंत चिकटवायचा मोह मोठा असतो, एक भिंत वाचते ना! पण जुनीचा पाया तीन फुटांवर, नवीचा नऊ फुटांवर. जुनी हलणार, नवी हलणार नाही, आणि दोघींच्या सांध्यात पुन्हा भेग.

(दृश्य : दुपार. पत्र्याची शेड. तापलेल्या पत्र्याचा कडकड आवाज.)

निवेदन :
पत्रा की स्लॅब, यावर दोन बैठका गेल्या. पत्रा स्वस्त, झटपट. पण सोलापूरचा एप्रिल ज्यानं पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. पारा चाळिशी ओलांडतो आणि शाळा सकाळची करावी लागते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य इथं भर दुपारी नेमका डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाखालीच. म्हणजे इथला खरा शत्रू भिंतीवरचं ऊन नव्हे, छतावरचं. स्लॅब ठरला, त्यावर पांढरा थर, खिडक्या उत्तरेला आणि दक्षिणेला समोरासमोर, दक्षिणेला व्हरांडा. पश्चिमेची भिंत बिनखिडकीची. फळा पूर्वेला, म्हणजे पोरांच्या डाव्या हाताला उत्तरेचा थंड उजेड. लिहिताना आपल्याच हाताची सावली वहीवर पडत नाही. डावखुऱ्यांचं काय, असं चौथीतल्या एका मुलीनं विचारलं. ती स्वतः डावखुरी आहे. तिला उजवीकडची, व्हरांड्याच्या खिडकीजवळची जागा मिळणार, असं ठरलंय. हे इतिवृत्तात नोंदलंय का, तेही तिनं विचारलं.

आणि वर सळया सोडायच्या का? आपल्याकडं प्रत्येक स्लॅबवर गंजलेल्या सळया आकाशाकडं बघत उभ्या असतात: पुढं मजला चढवू. बहुतेक ठिकाणी तो चढत नाही, आणि खालचा पाया त्याच्या हिशेबानं केलेलाही नसतो. इथं मजला नको असं ठरलं. मला पटलं. पहिलीची पोरं जिन्यावरून पळवण्यापेक्षा जमीन बरी.

जोतं मात्र उंच. २०२० च्या ऑक्टोबरात भीमेनं आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीनेनं काय केलं ते या पट्ट्यात कुणी विसरलेलं नाही. जोतं उंच म्हणजे उताराचा रॅम्पही लांब. निवडणुकीच्या दिवशी म्हाताऱ्यांसाठी रॅम्प आठवतो. चाकाच्या खुर्चीतल्या पोराला तो रोज लागतो.

(दृश्य : मुख्याध्यापकांच्या टेबलावरची फाइल, वारा पानं उलटतोय.)

पैशाच्या वाटा बऱ्याच, आणि प्रत्येकीचं दार वेगळं. समग्र शिक्षा, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी, ग्रामपंचायतीचा वित्त आयोग, कंपन्यांचा सामाजिक निधी, शेवटी लोकवर्गणी. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश हे शब्द आता पालकांना पाठ झालेत. पैसे कमी पडले तर कात्री कुठं लागते, हेही तात्यांना पाठ आहे. रंगाला लागत नाही. पायाला लागते, कारण तो फोटोत येत नाही.

कुणीतरी परितेवाडीचं नाव काढतंच. शेजारच्याच माढा तालुक्यातलं गाव. रणजितसिंह डिसले २००९ मध्ये तिथं रुजू झाले तेव्हा शाळा म्हणजे गोठा आणि कोठार यांच्या मधली पडकी इमारत होती. २०२० मध्ये त्याच शिक्षकाला जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. म्हणून काही जण म्हणतात, इमारतीचं काय एवढं! मला हा युक्तिवाद ऐकला की राग येतो. चांगला शिक्षक पडक्या खोलीत शिकवू शकतो, म्हणून त्याला पडकीच खोली द्यायची?

(दृश्य : एप्रिलची अखेर, सकाळ. मोकळ्या जागेवर पांढऱ्या फक्कीच्या रेषा. चारही वर्ग भोवती उभे.)

निवेदन :
बक्षीसपत्र झालंय. विजापूरची लेक एसटीनं आली, सही केली, वडिलांनी दिलेली जागा पाहून गेली. निर्लेखनाचा प्रस्ताव गेलाय. मंजुरी यायचीय.

तोवर तात्यांनी दोरी धरून जमिनीवर फक्की मारली. भिंती, खिडक्या, दार, फळा. मग मॅडम म्हणाल्या, बसा बघू आत. पोरं चपला बाहेर काढून आत बसली. बाहेर म्हणजे रेषेच्या बाहेर.

दोन रांगा मावल्या, तीन मावल्या. मधून बाईंना फिरायला वाट उरली. पण दाराशी बसलेल्या पहिलीच्या तिघांची पाठ येणाऱ्या-जाणाऱ्याला घासत होती. ट्रॅक्टरवाल्या आईंनी ते पाहिलं. काही न बोलता पुढं आल्या, चपलेनं फक्की पुसली, दोन फूट सरकून उभ्या राहिल्या.

“हितं घ्या दार.”

तात्यांनी दोरी उचलली.