डाव्या पुठ्ठ्यावरचं अक्षर

अध्यक्ष महाराज, परिचयात तुम्ही माझ्या ३१ वर्षांच्या नोकरीतल्या सगळ्या बदल्या गावांच्या नावांसकट वाचून दाखवल्यात. त्यात माझी १० मिनिटं गेली, तेव्हा सरळ वासरांकडे वळतो. पत्रिकेत विषय छापलाय ‘जनावराची ओळख : डाग की बिल्ला?’ त्याकडे येणारच आहे. आधी अमेरिकेतलं मोंटाना.

लेक-जावई बिलिंग्जला असतात. जावयाच्या ऑफिसातल्या एका बाईंच्या माहेरी रँच, म्हणजे गुरांचं मोठं कुरण आहे. मे महिन्यात वासरं डागायचा दिवस ठरला आणि मलाही आवतण आलं. आवतण म्हणजे आपल्या इर्जिकीसारखंच. आज तुमच्याकडे सगळे, पुढच्या शनिवारी शेजाऱ्याकडे सगळे. मजुरी कुणी देत नाही, जेवण मात्र भरपूर.

मी ऐटीत गेलो. जनावरांचा डॉक्टर, मला कोण शिकवणार? उतरल्या उतरल्या रँचच्या आजोबांना सहज विचारलं, “जनावरं किती तुमच्याकडे?” जावयानं माझं कोपर दाबलं. आजोबा हसून म्हणाले, “आहेत थोडीफार.” नंतर कळलं, तिकडे हे विचारणं म्हणजे पहिल्या भेटीत बँकेतली शिल्लक विचारणं. आणि मी आयुष्यभर पशुगणनेचा कागद घेऊन दारोदार तेच विचारत फिरलो! अर्थात आपल्याकडे तरी खरा आकडा कोण सांगतो? हसू नका, शेळ्या कमी सांगणारे इथंही बसलेत.

तर काम असं. घोड्यावरचा गडी फास टाकून वासराचे मागचे दोन्ही पाय पकडतो आणि त्याला ओढत जाळापाशी आणतो. तिथं दोघं. एक मानेवर गुडघा टेकून पुढचा पाय मुडपतो, दुसरा मागं जमिनीवर बसून वरचा पाय ओढतो आणि खालच्याला टाच लावून धरतो. मग लस, गोऱ्हा असेल तर खच्ची करणं, आणि डाग. दीडेक मिनिटात वासरू मोकळं. लस कसली विचारा. फऱ्याची! तिकडे त्याला ब्लॅकलेग म्हणतात. परमुलखात गाववाला भेटावा तसा मी हरखलो. रोग भेटला म्हणून हरखणारा माणूस म्हणजे पशुवैद्य.

मला आधी मागचा पाय दिला. तिसऱ्या वासरानं माझा चष्मा उडवला. मग बढती झाली बादलीवर. गोऱ्ह्यांची अंडं बादलीत टाकायची, शेवटी मोजून दोननं भागायची, म्हणजे गोऱ्हे किती ते कळतं. संध्याकाळी तीच तळून ताटात येतात. आमच्या सौभाग्यवती शेजारी बसल्या होत्या. “कसली भजी हो?” असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी खरं सांगितलं. आमच्या संसारात हे नोंद करण्यासारखं आहे.

आता लोखंड. ते लाल नको. लाल असलं तर केस पेटतात आणि डाग पसरतो. राखेच्या रंगावर आलं की टेकवायचं, तीन ते पाच सेकंद. कातडी नव्या खोगिराच्या रंगाची झाली की उचलायचं. केस जळल्याचा वास कपड्यांतून दोन धुण्यांनंतरही जात नाही. दुखतं का? दुखतं. वासरू ओरडतं, सुटल्यावर आईकडे पळतं, लुचायला लागतं. म्हणून काही जण द्रवरूप नायट्रोजननं थंड डाग देतात. तिथं पुढे केस पांढरे उगवतात.

त्या खुणांची लिपीच आहे. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, बाहेरून आत वाचायची. अक्षर आडवं पडलं तर ते ‘आळशी’, खाली कमान असली तर ‘झुलतं’, पंख असले तर ‘उडतं’. लोखंडाच्या सांध्यात फट ठेवतात, नाहीतर कोपऱ्यात उष्णता साठून गोळा होतो. आपली देवनागरी इथं नापास. ‘ठ’ डागला तर नुसता वडा उमटेल! मोंटानात खूण सरकारदरबारी नोंदवतात, अंगावरच्या जागेसकट, आणि दर १० वर्षांनी नोंद नव्यानं करावी लागते. टेक्सासचे वकील सॅम्युएल मॅव्हरिक आपली गुरं डागत नसत, म्हणून बिनडागाच्या मोकाट जनावराला त्यांचंच नाव पडलं. आपल्याकडे उलटं. वृषोत्सर्गाच्या विधीत डाग देतात तो वळू मोकळा सोडण्यासाठी.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

मुद्दा एवढाच. माझ्या नोकरीत एका विधवा बाईंची विम्याची गाय मेली. कानातला बिल्ला आधीच काटेरी तारेत फाटून गेला होता. शवविच्छेदन मी केलं, पंचनाम्यावर अख्ख्या आळीच्या सह्या होत्या. कंपनीचं नाव घेत नाही, उत्तर आलं : बिल्ला नाही, दावा नाही. गाय साऱ्या गावाला ओळखू येत होती, फक्त कागदाला नाही. डाग शेजारी कुंपणापलीकडून वाचतो. आपल्या पिवळ्या बिल्ल्यावरचे १२ आकडे तालुक्याच्या संगणकाला कळतात, शेजारणीला नाही. नोव्हेंबर २०२४ पासून अमेरिकेतही राज्याबाहेर जाणाऱ्या बऱ्याच गुरांना इलेक्ट्रॉनिक बिल्ला सक्तीचा आहे, पण मोंटानातला डाग त्यामुळे पुसला गेलेला नाही. मी ‘डागा’ म्हणत नाही. आपल्या बाजाराच्या पावतीवर रंग, शिंगं, कपाळावरचा चांद, दातांवरून वय (दोनदाती की जुळलेला), हे लिहायची रीत होती. ते वर्णन बिल्ल्याच्या नोंदीला जोडा, आणि बिल्ला तुटला तर दाव्यात ग्राह्य धरा. आकडेवारी आणली होती, ती राहू द्या.

शेवटचं सांगतो, उठतोच आहे. त्या दिवशी आजोबांनी एक कालवड माझ्या हातानं डागवून घेतली. हात थरथरला. परवा जावयाचा फोन आला. ती जिल्ह्याबाहेर न्यायची होती, तर तपासनिसाला पुठ्ठ्यावरचे केस कातरावे लागले, तरी खूण लागेना. त्यानं विचारलं, हे कुणी लिहिलंय? आजोबा म्हणाले, डॉक्टरांनी.