थ्युसिडिडीज, मूळ ग्रीकमध्ये

[दृश्य : टेबलावर उघडा ग्रंथ, शेजारी जाड शब्दकोश आणि वही. वहीत एकच शब्द तीन तुकड्यांत लिहिलेला आहे.]

थूकुदीदेस आथेनाइओस क्सुनेग्राप्से. अथेन्सच्या थ्युसिडिडीजने लिहिले. इसवी सनापूर्वी ४३१ मध्ये पेलोपोनीजवासी, म्हणजे स्पार्टा आणि त्याची मित्रनगरे, आणि अथेन्सवासी यांच्यात जे युद्ध पेटले, त्याच्या इतिहासाची सुरुवात या तीन शब्दांनी होते, आणि हा ग्रंथ मूळ ग्रीकमध्ये वाचायला बसलेला विद्यार्थी पहिल्याच दिवशी तिसऱ्या शब्दापाशी अडतो.

हा शब्द वहीत क्सुन, ए आणि ग्राप्से असा फोडला आहे. क्सुन म्हणजे एकत्र, ग्राप्से म्हणजे लिहिले, आणि दोहोंच्या मध्ये बसलेला ए ही भूतकाळाची खूण. शाळेत संस्कृत शिकलेल्या मराठी माणसाला ही रचना ओळखीची वाटते. समगच्छत या रूपात आधी सम् हा उपसर्ग, मग भूतकाळाचा अ, मग धातू, असाच क्रम त्याने पाठ केलेला असतो. हे साम्य योगायोगाचे नाही. संस्कृतातले अभरत् आणि ग्रीकमधले एफेरे ही एकाच प्राचीन क्रियापदाची दोन रूपे आहेत, आणि द्विवचन, आत्मनेपद, विधिलिङ् या आपल्या परिचयाच्या गोष्टी ग्रीक व्याकरणात वेगळ्या नावांनी पुन्हा भेटतात. थ, फ आणि ख हे महाप्राण वर्ण त्या काळच्या अथेन्समध्ये जवळजवळ आपल्यासारखेच उच्चारले जात. इंग्रजीतून ग्रीक शिकणाऱ्याला त्यासाठी जीभ वळवावी लागते, आपल्याला लागत नाही.

अर्थाच्या बाजूनेही हा शब्द विचार करायला लावतो. अनुवादांत त्याच्या जागी बहुधा ‘इतिहास लिहिला’ असे येते, पण ज्या हिस्तोरिया या शब्दावरून युरोपीय भाषांना इतिहासासाठी शब्द मिळाला, तो थ्युसिडिडीज संपूर्ण ग्रंथात एकदाही वापरत नाही. ऐकलेले, पाहिलेले आणि पारखून घेतलेले एकत्र आणून लिहिणे, एवढेच तो आपल्या कामाविषयी म्हणतो.

त्याची कालगणना उन्हाळे आणि हिवाळे यांवर चालते, कारण नगरोनगरीच्या अधिकाऱ्यांच्या कारकिर्दींवरून वर्षे मोजली तर हिशेब अचूक राहत नाही, असे त्याचे मत होते. उन्हाळ्याला तो थेरोस म्हणतो आणि हिवाळ्याला खेइमोन. ज्या धातूतून थेरोस आला त्यातूनच संस्कृतातला घर्म आला आणि घर्मातून आपला घाम, तर खेइमोनचे नाते हिम आणि हेमंत यांच्याशी आहे. कोशात ही नोंद पाहिली की अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या मोहिमांतला उन्हाळा मला तरी अंगाला जाणवतो.

[दृश्य : उत्तर ग्रीसमधील स्ट्रायमन नदीचे मुख.]

आता ज्या वाक्यासाठी मी ही भाषा शिकल्याचे सार्थक मानतो, त्याकडे वळू. इसवी सनापूर्वी ४२४ च्या हिवाळ्यात थ्युसिडिडीज स्वतः अथेन्सचा सेनापती म्हणून या प्रदेशात होता. स्पार्टाचा सेनानी ब्रासिडास अँफिपोलिस या मोक्याच्या नगरावर चालून आला, तेव्हा थ्युसिडिडीज थासोस बेटावर होता. निरोप मिळताच तो सात जहाजे घेऊन निघाला आणि त्याच संध्याकाळी नदीच्या मुखाशी पोहोचला, पण तोवर अँफिपोलिसने शरणागती पत्करली होती, आणि त्याला केवळ मुखावरचे एइऑन बंदर वाचवता आले. या अपयशापायी तो वीस वर्षे मायदेशाबाहेर राहिला. आयुष्य मोडणाऱ्या या घटनेविषयी पाचव्या खंडात त्याचे शब्द आहेत : क्सुनेबे मोइ फेउगेइन.

मोइ म्हणजे मला. फेउगेइन म्हणजे पळणे, आणि त्याच क्रियापदाचा दुसरा रूढ अर्थ हद्दपारीत असणे. क्सुनेबे म्हणजे घडून आले, शब्दशः एकत्र आले. ‘त्यांनी मला हद्दपार केले’ असे तो म्हणत नाही आणि ‘मी देश सोडला’ असेही म्हणत नाही. कर्त्याच्या जागी माणूसच नाही, आणि ज्याच्यावर हे ओढवले तो चतुर्थीत उभा आहे. इंग्रजी अनुवादात बहुधा ‘मी’ कर्ता होतो आणि ही ठेवण हरवते. मराठीला मात्र असे वाक्य रोजचे आहे, कारण आपल्यालाही भूक लागते, आठवण येते आणि एखादा योग येतो. ‘मला हद्दपारीचा योग आला’ असे मी वहीत लिहिले, तेव्हा एका पराभूत सेनापतीचा संयम मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. पुढे लगेच तो सांगतो की या हद्दपारीमुळेच त्याला दोन्ही पक्षांच्या, विशेषतः पेलोपोनीजवासींच्या, हालचाली जवळून पाहायला सवड मिळाली.

[दृश्य : अथेन्स, जुन्या नगराचे अवशेष.]

इसवी सनापूर्वी ४३० मध्ये अथेन्समध्ये साथ पसरली. थ्युसिडिडीजला स्वतःला तो आजार झाला होता, आणि त्याने लक्षणे अशा क्रमाने नोंदवली की पुढे कधी तो उद्भवला तर ओळखता यावा. याच वर्णनाच्या शेवटी तो एक आठवण सांगतो. संकटात वृद्धांना एक जुनी भविष्यवाणी आठवली : डोरियन लोकांशी, म्हणजे स्पार्टावासी ज्यांच्यात मोडतात त्या ग्रीकांशी, युद्ध येईल आणि त्याच्यासोबत लोइमोस येईल. लोइमोस म्हणजे साथ. त्यावर वाद झाला, कारण काहींच्या मते मूळ शब्द लिमोस, म्हणजे दुष्काळ, असा होता. समोर माणसे साथीने मरत असल्यामुळे लोइमोस हाच पाठ खरा ठरला. थ्युसिडिडीज म्हणतो की जे भोगले त्याला अनुसरून लोकांनी आपली आठवण घडवली, आणि पुढे दुसरे डोरियन युद्ध येऊन दुष्काळ पडला तर हीच ओळ बहुधा त्याप्रमाणे म्हटली जाईल. मराठीत ‘साथ’ आणि ‘दुष्काळ’ लिहिले की एका स्वराच्या फरकावर उभा असलेला हा सगळा प्रसंग कोसळतो, आणि अनुवादकाला तळटीप द्यावी लागते. पुढच्या काळात ग्रीक उच्चार बदलले, आणि आजच्या ग्रीकमध्ये हे दोन्ही शब्द कानाला एकच, लिमोस, असे ऐकू येतात.

तिसऱ्या खंडात कोर्कीरा बेटावरच्या, इसवी सनापूर्वी ४२७ च्या, यादवीचे वर्णन आहे. तिथे तो लिहितो की अविचारी धाडसाला आंद्रेइया मानले जाऊ लागले, आणि त्या आंद्रेइयाला तो आपल्या गटातल्या सोबत्यांवर प्रेम करणारी असे विशेषण लावतो. आंद्रेइया हा शब्द आनेर, म्हणजे पुरुष, यापासून झाला आहे, आणि आनेरचे नाते संस्कृतातल्या नृ आणि नर यांच्याशी आहे. इंग्रजीतले शौर्यवाचक शब्द हा पुरुष दाखवत नाहीत. मराठीतला पौरुष हा शब्द नेमका तसाच घडलेला आहे, म्हणून ‘सोबत्यांशी इमान राखणारे पौरुष’ असे भाषांतर मला अधिक प्रामाणिक वाटते. याच परिच्छेदात आक्सिओसिस हा शब्द येतो. शब्दांचे अर्थ बदलले, असे त्या वाक्याचे भाषांतर पुष्कळदा केले जाते. आक्सिओसिस म्हणजे मोल ठरवणे. पौरुष या शब्दाचा अर्थ लोक विसरले नव्हते, ते तो शब्द नको त्या कृत्याला बहाल करू लागले होते, आणि हे अधिक भयंकर आहे.

ही भाषा अवघड आहे, हे मान्य केलेच पाहिजे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोममध्ये राहणारा डायोनिसियस हा स्वतः ग्रीक भाषेचा अभ्यासक होता, तरीही थ्युसिडिडीज पूर्णपणे समजणारे लोक मोजकेच असून त्यांनाही काही ठिकाणी व्याकरणाच्या स्पष्टीकरणाची गरज पडते, असे त्याने लिहून ठेवले आहे. इंग्रजीत १५५० साली आलेला पहिला अनुवाद फ्रेंचवरून केलेला होता आणि फ्रेंच अनुवाद लॅटिनवरून, तर इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने १६२९ मध्ये थेट ग्रीकवरून अनुवाद प्रसिद्ध केला. आज मूळ संहिता आणि कोश पर्सियस या डिजिटल ग्रंथालयात विनामूल्य मिळतात, तरीही ग्रंथातल्या भाषणांचा भाग आला की एका संध्याकाळी दहा ओळी उलगडल्या तर मी समाधान मानतो.

[दृश्य : ग्रंथाचे शेवटचे पान.]

युद्ध इसवी सनापूर्वी ४०४ मध्ये संपले, आणि थ्युसिडिडीजने तो शेवट पाहिला होता. ग्रंथ मात्र ४११ मध्ये, आठव्या खंडात, मध्येच थांबतो. पर्शियन सुभेदार टिसाफर्निस प्रथम एफेससला पोहोचला आणि त्याने आर्टेमिस देवीला बळी अर्पण केला, एवढे सांगून लेखणी थांबते. त्यापुढची हकीकत झेनोफन या अथेन्सच्याच लेखकाने हाती घेतली, आणि तिला प्रस्तावना न लिहिता त्याने पहिले शब्द लिहिले : मेता दे ताउता. त्यानंतर.